सहावी पुंगळी

रवा भाजताना माझं लक्ष कढईकडे नसतं, नाकाकडे असतं. जरा तांबूस झाला की लगेच उतरायचा, त्यापुढे एक क्षण नाही. सून म्हणते, "आई, अजून होऊ द्या की, खमंग लागतो." लागत असेल. मला करपलेल्या रव्याचा वास सोसत नाही आणि कार्तिकात तर मुळीच सोसत नाही. तिला वाटतं म्हातारीची खोड आहे. वाटू दे बापडीला.

भात पिवळं पडलंय. ताम्हिणीच्या रस्त्याला आता हॉटेलांच्या पाट्या भातापेक्षा उंच झाल्यात, पण पाट्यांच्या मागं शिवार अजून शिवारच आहे आणि रान अजून रानच. डुकरं अजून उतरतात. परवा दिवस मावळताना शेजारच्या खाचरात कुणीतरी पाइपात कार्बाइड घालून बार काढला. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. ओट्यावर आमचे हे बसले होते, त्यांनी आवाजाच्या दिशेनं सगळी मान वळवली. त्यांना सगळीच वळवावी लागते, कारण दोन डोळ्यांचं काम एकट्या डाव्या डोळ्याला करायचं असतं. "लांबचाय," म्हणाले, आणि पुन्हा दोरी वळायला लागले.

चाळीसेक वर्षं होऊन गेली. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. या घरात येऊन मला पाचच महिने झाले होते.

तेव्हा आमच्याकडे सगळा आंबेमोहोर. आता पोरं इंद्रायणी लावतात, उतारा जास्त म्हणून. असेल जास्त. पण आंबेमोहोर निसवला की बांधावरून चालताना भूक लागायची, नुसत्या वासानं, जेवून उठलेल्या माणसाला. त्या वासानं मीही भुलले होते आणि डुकरंही भुलायची. सहा महिने गुडघाभर चिखलात वाकून जे उभं करायचं, ते एक कळप दिवेलागणीला येऊन असं लोळवून जायचा की विळा घालायला जागा उरायची नाही. म्हणून घरात बंदूक होती.

बंदूक माझ्या चुलत सासऱ्यांची. ते लष्करातून निवृत्त झालेले आणि भारी हौशी. असल्या हौसेला काय म्हणावं! रायफलीचा मारा वाढवायचा म्हणून त्यांनी पुण्याच्या कुणा कारागिराकडून, जिथं काडतूस बसतं ते घरच आतून मोठं करून घेतलं होतं. झालं! त्या मापाचं काडतूस मग कुठल्याच दुकानात मिळेना, कारण तसलं काडतूस जगात कुणी करतच नव्हतं. चुलत सासरे गेले आणि पीक राखणीच्या परवान्यासकट ती अवदसा आमच्या यांच्याकडे आली. तिच्याबरोबर आले हमीदभाई.

हमीदभाईंचं पौडच्या बाजारात दुकान होतं. स्टो, कुलपं, पंप आणि बंदुका, काय वाटेल ते दुरुस्त करायचे. अंगानं काटकुळे, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. दसरा झाला की ते एस.टी.नं यायचे. पिशवीत दुसऱ्याच कुठल्या रायफलीच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या असत. त्यांना आमच्या रायफलीच्या मापाचं करायचं, हे त्यांचं काम.

त्या वर्षी आले ते थेट स्वयंपाकघराच्या दाराशी. "वैनी, रवा हाय का? बारीक?"

मला वाटलं, पाव्हण्यांना शिरा पाहिजे. मी चूल फुंकायला घेतली तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अगं खुळे, त्ये खात न्हाईत, त्ये बंदुकीला चारत्यात!"

आणि खरंच चारत होते. खळ्यावर घोंगडी अंथरून बसले. पुंगळीचं तोंड चुलीच्या जाळावर धरून नरम करून घेतलेलं. तिच्यात चिमूट दारू, वर माझा रवा आणि तोंडाला धुण्याच्या साबणाचं बूच. गोळी नाहीच. मग बाकीच्यांना लांब सारायचे, रायफल आभाळाकडं करायची आणि स्वतः बार काढायचे. नव्या पुंगळीचा पहिला बार मिस्त्रीनंच काढायचा, मालकानं नाही, हा त्यांचा नेम. फट् असा कोरडा आवाज व्हायचा, पांढरा धूर आणि मग करपलेल्या रव्याचा भुरका हळूहळू खळ्यावर उतरायचा. कोंबड्या धावायच्या टिपायला.

आत जाताना पुंगळीचे खांदे उतरते असत. बाहेर येई ती ताठ खांद्याची, रुंद, निराळीच. जाळानं फुगून ती आतल्या घराला सगळीकडून टेकलेली असे आणि तोच आकार घेऊन थंड झालेली असे. मी गरम पुंगळी पदरात धरून बघत राहिले.

"आता ही दुसऱ्या कुठल्या बंदुकीत जायाची न्हाई," हमीदभाई म्हणाले. "हितलीच झाली."

"नांदायला लागली म्हना की," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून हसल्या. मीही हसले. काय बोललं जातंय ते मला कळत होतं. पाच महिन्यांत माझंही उठणं-बसणं, बोलणं, चालणं त्या घराला टेकून टेकून बदललं होतं. माहेरी मी कुणालाही उलट उत्तर द्यायची. इथं आत्याबाईंनी नुसत्या भुवया उचलल्या तरी माझ्या तोंडातला शब्द वळून भलताच होऊन बाहेर पडायचा.

काही पुंगळ्या पहिल्याच बाराला तोंडाशी फाटायच्या. ज्या टिकायच्या त्या पुन्हा पुन्हा भरता यायच्या, पण मर्यादेनं. प्रत्येक बारानंतर हमीदभाई सुईनं पुंगळीच्या अंगावर एक रेघ ओढायचे. शिवाय बुडाजवळ बोट फिरवून बघायचे. त्यांनी मला एक मुद्दाम दाखवली. बाकी अंग धुरकट, काळवंडलेलं आणि बुडाच्या जरा वर एक बारीक चकाकतं कडं. "ह्ये दिसलं का, वैनी? हितं पितळ आतनं ताणून कागदावानी झालंय. पुढच्या बाराला बूड तुटनार आन् जाळ मागं येनार. उडवनाऱ्याच्या तोंडावर." असल्या पुंगळ्या ते बाजूला काढून हातोडीनं ठेचायचे, म्हणजे चुकूनही कुणी भरू नयेत.

त्या दिवशी चांगल्या चौदा थाळीत राहिल्या आणि असल्या सहा निघाल्या. सहाही त्यांनी गंजक्या खिळ्यांच्या डब्यात टाकल्या आणि तेवढ्यात वळणावर एस.टी.चा भोंगा वाजला. शेवटची गाडी. "आठ दिसांनी भरायला येतो," म्हणत पिशवी उचलून धावत सुटले. त्या सहा ठेचायच्या राहिल्या.

दिवाळी तोंडावर आली. घरातलं सगळं पितळ अंगणात निघालं. हंडे, कळशा, परात, समया, देव. चिंच भिजवली, राख चाळून घेतली, काथ्या घेतला. पितळ घासण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं आणि त्याचा मला कोण गर्व! घासता घासता फडताळात पुंगळ्यांची थाळी दिसली. चौदा होत्या, धुरानं काळ्या. शेजारी डबा, त्यात सहा. एवढं चांगलं पितळ गंजक्या खिळ्यांत! माझ्या आईनं फुटक्या तांब्याचा काठसुद्धा कधी टाकला नाही, मोडीत घालून नवी वाटी आणली. माझ्या हाताला पितळ टाकणं माहीतच नव्हतं. मी वीसही घेतल्या, चिंच लावून, राखेनं, काथ्यानं, बोट आत जाईना तिथं काडीला चिंधी गुंडाळून, अशा घासल्या की देवांच्या शेजारी मांडाव्यात. उन्हात वाळवल्या आणि एका थाळीत लावून ठेवल्या.

रेघा गेल्या. चकाकतं कडंही गेलं. सगळंच चकाकायला लागल्यावर त्यातलं चकाकतं कोणतं, हे कसं ओळखणार? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. हमीदभाईंनी समोर धरून दाखवलं होतं, तरी नाही सुचलं. डोकं चिंचेत बुडालं होतं, दुसरं काय!

आठ दिवसांनी ते आले. मी थाळी पुढं केली ती कौतुक ऐकायला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एकेक पुंगळी उचलून ठेवली, मग अगदी हळू विचारलं, "वैनी, डब्यातल्या ह्यात मिसळल्या न्हाईत ना?"

दारात आत्याबाई उभ्या होत्या. आदल्याच आठवड्यात दुधाचं भांडं उतू घालवलं म्हणून मी त्यांची बोलणी खाल्ली होती. त्यांच्या भुवया वर गेलेल्या मला न बघता दिसल्या.

"न्हाई," मी म्हणाले.

एवढंच. एक शब्द. त्या शब्दावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

हमीदभाईंनी मान डोलावली. मग म्हणाले, "केसांतला आकडा देता का?" मी दिला. त्याचं एक टोक त्यांनी पकडीनं जरासं वाकवलं आणि एकेका पुंगळीत घालून आतून वर-खाली फिरवत राहिले, डोळे मिटून. आतून ताणलेल्या जागी खाच असली तर टोक अडतं. टोक अडलं की पुंगळी डावीकडं. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते, पण निवडत नव्हते, मोजत होते. एक. दोन. बऱ्याच वेळानं तीन. चार. पाच.

थाळी संपली. "बाकीच्या ठीक हायेत," ते म्हणाले आणि त्या पाच हातोडीनं ठेचल्या.

पाच. डब्यात सहा होत्या.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय त्याची गणती नाही. मनात म्हटलं, सहावी कदाचित बरी असेल. मनात म्हटलं, एवढा जाणता माणूस आकड्यानं बघतोय, त्याला कळत नाही आणि मला कळतं? असं काहीबाही म्हणत मी तांदूळ पाखडत राहिले आणि हमीदभाई पंधरा काडतुसं भरून, चहा पिऊन गेले. जाताना आकडा मला परत दिला. टोक वाकलेलंच होतं.

त्यानंतरची संध्याकाळ ही वेळच मला नकोशी झाली. ऊन सह्याद्रीच्या कड्यामागं गेलं की शिवारावर निळसर गारवा उतरायचा, आंबेमोहोराचा वास दाटून यायचा आणि आमचे हे खांद्याला रायफल लावून बांधानं राखणीच्या माळ्याकडं निघायचे. मी तुळशीपाशी दिवा लावून कान तिकडं लावून बसायची. बार व्हायचा. मग हाक यायची, "पळालं गं!" आणि माझा श्वास सुटायचा. घरी आले की रिकामी पुंगळी माझ्या हातावर ठेवायचे. गार पडलेली, धड, बुडासकट. मी ती दिव्यापाशी नेऊन बघायची. ही नव्हती. म्हणजे उरलेल्यांतली कुठलीतरी.

जितकी काडतुसं कमी होत, तितकी ती जवळ येत होती. पंधरांत एक होती तेव्हा झोप तरी लागायची.

एक दिवस धीर करून मी तीन काडतुसं उचलली आणि विहिरीत टाकली. सगळी टाकायचं धाडस झालं नाही. यांना वाटलं खिशातून पडली. दोन दिवस बांधाबांधानं शोधत होते, स्वतःलाच शिव्या देत. मी जेवायला वाढत होते.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी चार उरली होती.

"अहो, आज नका जाऊ."

"का?"

"नका जाऊ म्हणते ना."

"मग भात काय तुझा बाप राखनार?" हसत म्हणाले. चेष्टेखोर होते फार. अजून आहेत. आत्याबाई उसाचा मांडव बांधत होत्या, त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी आत गेले.

तो बार निराळा होता, एवढंच मला सांगता येतं. आवाज पुढं गेला नाही. आणि नंतर हाक आली नाही.

मी धावले तेव्हा पायात काही नव्हतं. ते माळ्याखाली गुडघ्यावर बसले होते, दोन्ही हात उजव्या डोळ्यावर, बोटांतून रक्त. रायफल भातात पडली होती. "हाय मी, हाय मी," म्हणत होते, मलाच धीर देत होते! टेम्पोतून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डोळा वाचला नाही.

तिसऱ्या दिवशी घरी कपडे न्यायला आले तेव्हा मी त्या खाचरात गेले. डुकरांनी भात लोळवलं होतं, अगदी निवांत, राखायला कुणी नव्हतंच. तिथं पुंगळीचं बूड सापडलं. सुरीनं कापल्यासारखं कडेनं तुटलेलं आणि माझ्या हातची राख-चिंचेची झळाळी अजून त्याच्यावर. मी ते पोलक्यात खोचलं आणि कुणाला दाखवलं नाही.

बंदूक पोलिसात जमा झाली. आत्याबाईंनी हमीदभाईंना जे बोलायला सुरुवात केली ते मरेपर्यंत थांबवलं नाही. "त्या मुडद्यानं माझ्या लेकाचा डोळा खाल्ला." सणाला, वाराला, भात झोडताना, नातवाला न्हाऊ घालताना. हमीदभाई दवाखान्यात येऊन गेले होते, पायापाशी उभे राहून "माझ्याच हातनं चुकलं" म्हणाले आणि त्यानंतर आमच्या वाडीला त्यांचा पाय लागला नाही. बंदुकीचं कामही त्यांनी सोडलं, नुसते स्टो आणि कुलपं. यांचं मात्र एकच, "त्या मानसाच्या नावानं माझ्यापुढं बोलायचं न्हाई. भली बंदूक न्हवती ती, बस." आई आणि मुलगा यावरून भांडायचे आणि मी मध्ये बसून दोघांना गरम भाकरी वाढायची. माझी चूक दुसऱ्याच्या नावावर रोज शिव्या खात होती आणि मी ऐकत होते. मला माझी चीड येते ती त्या बुडापेक्षा या भाकरीसाठी जास्त येते.

पितळ घासणं मी सोडलं. घरात हळूहळू स्टील आलं. सगळ्यांना वाटतं, मनगटं दुखतात.

परवाच्या त्या बारानंतर मला घास उतरेना. सकाळी यांना सांगितलं, पौडला जाऊन येते, चष्म्याचं बघते. वडापच्या जीपमध्ये बसले. रस्ताभर दोन्ही बाजूंना पिवळं भात आणि मी मनात वाक्य जुळवत होते.

हमीदभाई नव्वदीला टेकलेत. दुकान नातू बघतो, मोबाइल दुरुस्त करतो. ते मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. डोळ्यांना फारसं दिसत नाही, पण मी आवाज दिल्याबरोबर म्हणाले, "वैनी."

मी बसलेसुद्धा नाही. "हमीदभाई, मी त्या दिवशी खोटं बोलले. डब्यातल्या सहाही मी मिसळल्या होत्या."

बाहेर नातू कुणाशी तरी फोनवर बोलत होता.

"मला ठावं होतं," ते म्हणाले.

मी खाटेची कड धरली.

"चौदा ठेवून गेल्तो. थाळीत वीस व्हत्या. मिस्त्री मानूस, मोजल्याबिगर ऱ्हातो व्हय? डबा उघडून दाखवा म्हनलो असतो, तर तितंच समदं उघडं पडलं असतं. पर तुमच्या सासूबाई दारात उभ्या. तुमी नवी सून, त्वांड पार उतरलेलं. आता हिला हितं खोटी कशी पाडायची? मनात म्हनलं, आकड्यानं हुडकून काडतो साही, कुनाला कळायचं न्हाई. पाच घावल्या." त्यांचा हात चादरीवर आकडा फिरवावा तसा फिरत होता. "सहावी घावली न्हाई. म्हनलं, नसंल तितकी खराब. तुमची लाज राखायला गेलो, वैनी. आन् मुळात ठेचल्या न्हवत्या मीच. चाळीस वर्सं वाट बगतुया, तुमी कवातरी येऊन शिव्या द्याल म्हनून."

मी रडले. त्या खोलीत उभी राहून, पदर तोंडात कोंबून, म्हातारपणी कुणी रडत नाही तसं रडले. मी त्यांना गुन्हेगार ठरू दिलं म्हणून आले होते, आणि ते तिकडं माझीच वाट बघत बसले होते. दोघांना ठाऊक होतं. दोघांनी एका घराची रीत सांभाळली. आणि ज्याचा डोळा गेला, त्याला एवढंच माहीत की बंदूक भली नव्हती.

"भाऊंना सांगा आता," हमीदभाई म्हणाले. "मी हाय तवर सांगा. म्हंजी मलाबी काय बोलायचं ते बोलतील."

घरी पोचले तेव्हा ऊन कड्यामागं जात होतं. हे ओट्यावरच होते, दोरी संपत आली होती. मी आत जाऊन ट्रंक उघडली, तळाशी चिंधीत बांधलेलं ते बूड काढलं. काळं पडलंय आता. बाहेर येऊन त्यांच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी अंगठा फिरवला. तुटलेल्या कडेवर अंगठा थांबला.

"कुटं मिळालं ह्ये?"

"माझ्याकडंच होतं."

शिवारातून भाताचा वास येत होता. लांब कुणीतरी डबा बडवत डुकरं हाकत होतं.

"अहो," मी म्हणाले, "हमीदभाईंचं काही चुकलं नव्हतं. ऐका."

त्यांनी दोरी खाली ठेवली. मग सगळी मान वळवली, डावा डोळा माझ्या तोंडावर आणला आणि म्हणाले, "बोल."